टरबुजाच्या रसात नेमकं काय असतं? घरच्या घरी मोजून पाहायची रीत

मार्च-एप्रिलात वैनगंगेच्या रेतीतल्या वाड्यांची टरबुजं आणि शेतातली ड्रीप-मल्चिंगवरची टरबुजं आठवडी बाजारात एकाच वेळी येऊन पडतात. भाव उतरला की घरोघरी मिक्सर सुरू होतात, बसस्टँडवर रसाच्या गाड्या लागतात, बचत गटाच्या बायाही यंदा स्टॉल टाकायचं ठरवतात. आणि मग प्रश्न सुरू होतात. याने रक्त वाढतं का? शुगरवाल्याला चालतो का? हगवण लागलेल्या पोराला द्यायचा का? ऊन लागलेल्या माणसाला?

ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा यातली एखादी चुकीची समजूत जिवावर बेतू शकते. म्हणून ही उत्तरं ऐकीव गोष्टींवर सोडू नयेत असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी पोषणशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही. एक वजनकाटा, एक मापाचा ग्लास आणि शाळेतला गुणाकार एवढ्यावर आपल्या ग्लासात काय आहे ते कोणालाही काढता येतं.

पायरी १ : पिकलेलंच फळ घ्या

टरबूज वेलीवरून तोडलं की त्याची गोडी वाढणं थांबतं. आंब्यासारखं ते आढीत पिकत नाही. कच्चं आणलं तर कच्चंच राहणार, मग ते गोड करायला साखर ओतावी लागणार, आणि आपला सगळा हिशेब तिथेच बिघडणार. म्हणून घेतानाच बघा: जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग पांढरा नाही तर पिवळसर हवा, फळ आकाराच्या मानाने वजनदार लागलं पाहिजे आणि थाप मारल्यावर आवाज भरीव यायला हवा. शेतातूनच घेत असाल तर देठाजवळची बारीक वळलेली तार वाळलेली आहे का तेही पाहा.

अख्खं फळ लगेच फ्रिजमध्ये कोंबायची घाई नको. गराचा लाल रंग ज्या लायकोपिन नावाच्या रंगद्रव्यामुळे असतो, ते तोडल्यानंतरही थोडं वाढत राहतं. साधारण २० अंशांच्या आसपास ठेवलेल्या फळात ते वाढलेलं आढळलं आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात घरात २० अंश कुठून येणार! तरी घराच्या थंड कोपऱ्यात, फरशीवर, ओलं फडकं टाकून दोन-तीन दिवस फळ चांगलं राहतं. गार रस हवा असेल तर कापायच्या तीन-चार तास आधी फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर टाक्यात बुडवून ठेवा.

पायरी २ : आधी धुवा, मग कापा, मग तोला

साल खायची नाही तर धुवायची कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण फळ जमिनीवर लोळलेलं असतं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आलेलं असतं, दहा हातांतून गेलेलं असतं. सुरी सालीतून आत जाते तेव्हा सालीवरची घाण गरात जाते. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, पुसा, आणि सुरी-पाट स्वच्छ करूनच कापा.

आतून रंग टोचलेला असेल अशी शंका आली तर कापलेल्या गरावर कापसाचा बोळा घासायला अन्न सुरक्षा प्राधिकरण सांगतं. बोळा लालभडक झाला तर ते फळ बाजूला ठेवा.

आता साल आणि पांढरा भाग काढून फक्त लाल गर काट्यावर ठेवा. जाड सालीच्या फळात गर निम्माच निघतो, पातळ सालीच्या फळात साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चार किलोच्या फळातून दोन ते अडीच किलो गर धरा. स्टॉल टाकणाऱ्यांनी हा आकडा पहिल्याच दिवशी स्वतः काढून वहीत लिहावा, कारण पुढचा खर्च आणि पोषण दोन्ही त्याच्यावर अवलंबून आहे.

वजन कशासाठी, ग्लासाने मोजलं तर नाही का चालणार? मिक्सरमधून काढलेल्या रसावर जाड फेस येतो. ग्लास भरलेला दिसतो, पण त्यात तिसरा हिस्साही फेस असू शकतो. वजनाला फेस फसवत नाही. न गाळलेल्या रसाचा २५० मिलीचा ग्लास म्हणजे जवळपास २५० ग्रॅम गर, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पायरी ३ : तक्त्याने गुणा

खालचे आकडे अमेरिकन कृषी खात्याच्या अन्नतक्त्यातले आहेत, १०० ग्रॅम लाल गरासाठी. कंसात २५० ग्रॅमच्या ग्लासाचा हिशेब केला आहे.

पाणी ९१ ग्रॅम (जवळपास २३० ग्रॅम)
ऊर्जा ३० कॅलरी (७५)
साखर ६.२ ग्रॅम (१५.५)
प्रथिनं ०.६ ग्रॅम (१.५)
तंतू ०.४ ग्रॅम (१)
पोटॅशियम ११२ मिलिग्रॅम (२८०)
सोडियम १ मिलिग्रॅम (२.५)
मॅग्नेशियम १० मिलिग्रॅम (२५)
लोह ०.२४ मिलिग्रॅम (०.६)
क जीवनसत्त्व ८ मिलिग्रॅम (२०)
लायकोपिन ४.५ मिलिग्रॅम (११)

तुमचा ग्लास २०० मिलीचा असेल तर पहिल्या आकड्याला दोनने गुणा. अर्धा लिटरचा मोठा ग्लास असेल तर पाचने.

या तक्त्यातला एक आकडा आपल्या बाजारातल्या फळांना तसाच लावू नये, आणि तो म्हणजे साखरेचा. व्यापारी खरेदीला येतो तेव्हा रसाचा थेंब यंत्रावर टाकून ब्रिक्स बघतो, हे टरबूज लावणाऱ्या शेतकऱ्याला माहीत आहे. ब्रिक्स ११ म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण ११ ग्रॅम विरघळलेले पदार्थ, आणि त्यातली बहुतेक साखरच. आजकालची गडद हिरव्या सालीची संकरित फळं १० ते १२ ब्रिक्सची असतात. तेव्हा फळ खूप गोड लागलं तर १०० ग्रॅमला ६ नव्हे, ९ ते १० ग्रॅम साखर धरा. एका ग्लासात २५ ग्रॅमपर्यंत. पाणचट फळाला तक्त्यातला आकडा ठीक आहे.

तक्ता नीट वाचला की रसाचा स्वभाव कळतो. नव्वद टक्क्यांवर पाणी आहे आणि ते चवीमुळे मुलंही आवडीने पितात, हीच त्याची सर्वांत मोठी ताकद. क जीवनसत्त्व बऱ्यापैकी आहे: आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे एका ग्लासातून पाव ते जवळपास तिसरा हिस्सा मिळतो. लायकोपिन भरपूर आहे. टोमॅटोतलं लायकोपिन शिजवल्यावर अंगी जास्त लागतं, टरबुजातलं कच्च्या रसातूनही चांगलं शोषलं जातं. मात्र ते तेला-तुपात विरघळणारं आहे, म्हणून जेवणासोबत किंवा जेवणानंतर घेतलेला रस उपाशीपोटी घेतलेल्या रसापेक्षा जास्त कामाचा. पिवळ्या गराच्या टरबुजात लायकोपिन जवळपास नसतंच.

जे नाही तेही तितकंच महत्त्वाचं. प्रथिनं आणि चरबी जवळपास नाहीतच, लोह नावापुरतं आणि सोडियम जवळजवळ शून्य. हे शेवटचं पुढे उन्हाच्या आणि हगवणीच्या पायरीत कामी येईल.

पायरी ४ : गाळू नका, आणि मिक्सर हळू चालवा

गाळल्याने तंतू जातात हे सगळे सांगतात, पण टरबुजात तंतू मुळातच थोडे. खरा तोटा लायकोपिनचा. ते गराच्या कणांना चिकटलेलं असतं, चाळणीत लाल चोथा राहिला तर तेही तिथेच राहतं. दुकानात ग्राहकाला पातळ, स्वच्छ रस हवा म्हणून गाळावाच लागला तर मोठ्या भोकांची गाळणी वापरा आणि तो चोथा कणकेत मळून टाका, पोळी मऊ होते.

काळ्या बिया आधी काढून घ्या. काढायचा कंटाळा आला तर मिक्सर सलग न चालवता थांबवत-थांबवत दोन-तीन झटके द्या, म्हणजे गर फुटतो पण बिया फुटत नाहीत. बिया दळल्या गेल्या की रस तुरट लागतो. कोवळ्या पांढऱ्या बियांची काळजी नको.

क जीवनसत्त्व हवा लागली की हळूहळू कमी होतं आणि मिक्सर तर रसात हवाच घुसळतो. म्हणून रस काढायचा तो प्यायच्या वेळी.

पायरी ५ : वरून टाकलेलं सगळं मोजा

टरबुजाचा रस चांगला की वाईट, हे माझ्या मते बहुतेक वेळा या पायरीवर ठरतं. फळ तेच असतं, पण कोणी त्यात साखर घालतं, कोणी लाल सरबत, कोणी कंडेन्स्ड मिल्क, आणि ग्लासाचं पोषण पार बदलून जातं.

साखरेचा एक सपाट चहाचा चमचा म्हणजे ४ ते ५ ग्रॅम, १६ ते २० कॅलरी. दोन चमचे घातले की साध्या ग्लासातली १५.५ ग्रॅम साखर २५ ग्रॅमच्या घरात जाते. जागतिक आरोग्य संघटना मोकळ्या (म्हणजे वरून घातलेल्या) साखरेसाठी जी मर्यादा पाळणं उत्तम म्हणते, ती प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅमच येते. आणि या मोकळ्या साखरेत रसातली फळाची साखरही धरतात. अख्ख्या फळातली धरत नाहीत. तीच २५० ग्रॅम टरबुजाची फोड चावून खायला दहा मिनिटं लागतात, पोटही भरल्यासारखं वाटतं. रस मात्र एका दमात संपतो आणि हात दुसऱ्या ग्लासाकडे जातो. पिकलेल्या फळाला साखर लागत नाही. फिकं निघालंच तर लिंबू, पुदिना, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर मीठ घाला, गोडी उठून येते.

मिठाचाही हिशेब ठेवा. एक ग्रॅम मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असतं. काळं मीठ आणि शेंदेलोण यांतही मुख्यतः तेच असतं, त्यामुळे ‘शेंदेलोण आहे, बीपीवाल्याला चालतं’ हा समज सोडून द्या. दिवसभराचं सगळं मीठ मिळून ५ ग्रॅमच्या आत ठेवावं, आणि आपल्या जेवणातलं लोणचं, पापड, ठेचा हे ते माप आधीच भरत आणतात.

दूध घातलं तर १०० मिलीमागे साधारण ३ ग्रॅम प्रथिनं, १२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साठ-पासष्ट कॅलरी वाढतात, शिवाय दुधातल्या स्निग्धांशामुळे लायकोपिन शोषायला मदत होते. शाळकरी पोरांसाठी हा चांगला ग्लास आहे, त्यात लाल सरबत ओतलं नाही तर.

बर्फाने पोषण वाढत नाही, फक्त रस पातळ होतो. पण आजार बर्फातूनही येऊ शकतो. बाजारातल्या लादीचं पाणी पिण्याचं आहे याची खात्री नसेल तर तो बर्फ ग्लासात नकोच. भांडं बाहेरून गार करायला वापरा.

पायरी ६ : ‘लाल आहे म्हणजे रक्त वाढतं’ हा समज तपासा

गावात गरोदर बाईला आणि वयात आलेल्या मुलींना टरबुजाचा रस रक्तासाठी देतात. भावना प्रेमाची आहे, पण आकडा बघा. प्रौढ बाईला दिवसाला सुमारे २९ मिलिग्रॅम लोह लागतं. ग्लासात आहे ०.६. रंग लोहाचा नाही, लायकोपिनचा आहे. रस देऊ नका असं मी म्हणत नाही. जेवणासोबत दिला तर त्यातलं क जीवनसत्त्व भाजी-भाकरीतलं लोह शोषायला मदत करतं. पण रस चालू आहे म्हणून आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका.

आपल्या भागात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूरकडे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या बाबतीत हा विषय आणखी जपून हाताळायचा असतो. अंगातलं पाणी कमी झालं की सिकलसेलच्या पेशी जास्त अडकतात आणि वेदनेचा झटका येऊ शकतो. त्यामुळे उन्हाळ्यात त्यांनी भरपूर पाणी पिणं गरजेचं आहे, आणि टरबुजाचा रस त्या पाण्यात चांगली भर घालतो. लोहाच्या गोळ्या मात्र त्यांनी तपासणीशिवाय, मनाने घेऊ नयेत.

टरबुजात सिट्रुलिन नावाचं एक अमिनो आम्लही आहे. १९१४ साली जपानी संशोधकांनी ते टरबुजाच्या रसातूनच वेगळं काढलं. शरीर त्यापासून आर्जिनिन बनवतं आणि त्यातून रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. त्यामुळे रक्तदाब उतरतो म्हणून हा रस प्या असे मेसेज उन्हाळ्यात फिरतात. एका ग्लासाने बीपीच्या गोळीचं काम होत नाही. गोळी चालूच ठेवा.

पायरी ७ : घरातल्या प्रत्येकाचं माप वेगळं

धडधाकट माणसाला दिवसाला एक-दोन ग्लास बिनसाखरेचा रस खुशाल चालतो.

मधुमेह असलेल्यांनी रसाऐवजी फोड खावी, १५० ग्रॅमच्या आसपास, तीही जेवणानंतर गोडधोड म्हणून जास्तीची नव्हे. टरबुजातली साखर रक्तात चटकन उतरते, पण थोड्या फोडींत ती एकूणच कमी असते. अर्धा लिटर रसात तसं राहत नाही. खाऊन दोन तासांनी एकदा शुगर तपासली तर आपल्या शरीराचं माप आपल्याला कळतं.

किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा रस पिऊ नये. १०० ग्रॅममागे पोटॅशियम फार दिसत नाही, पण अर्ध्या लिटरात ते ५६० मिलिग्रॅम होतं, आणि अशा रुग्णाला पाण्याचीही मर्यादा सांगितलेली असते. बीपीच्या काही गोळ्यांनीही अंगातलं पोटॅशियम वाढतं, म्हणून त्या चालू असतील तर दवाखान्यात एकदा विचारून घ्या.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूधच, रसाचा चमचाही नको. त्यानंतर बिया काढून कुस्करलेला गर थोडा-थोडा देता येतो. वर्षाच्या आत रस म्हणून देऊ नका.

पायरी ८ : ऊन आणि हगवण यांत रसावर विसंबू नका

मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात गेलेली माणसं, रोजगार हमीच्या कामावरच्या बाया, हळद-मिरचीच्या खळ्यावरचे मजूर घामाने चिंब होतात. एक लिटर घामातून साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जातं, कुणाकुणाचं त्याहूनही जास्त. टरबुजाच्या एक लिटर रसातून परत मिळतं १० मिलिग्रॅम. पाणी भरून निघतं, मीठ निघत नाही. म्हणून कामावरच्या माणसाला रस द्या, पण सोबत मीठ घातलेलं ताक, आंबील किंवा भाकर-ठेचाही द्या. ताक आणि रस अशी जोडी मला सगळ्यांत पटते: एकाकडे मीठ आणि प्रथिनं, दुसऱ्याकडे पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व.

हगवणीत मात्र रस नकोच. आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या ओआरएसच्या एक लिटर पाण्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि सुमारे १,७०० मिलिग्रॅम सोडियम असतं. टरबुजाच्या लिटरभर रसात साखर ६० ग्रॅमच्या वर आणि सोडियम १०. एवढी साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि हगवण वाढवू शकते. पुडा घरात नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा, आणि पुडा आणायला कोणाला तरी पाठवा.

ऊन लागलेला माणूस बरळत असेल, अंग तापून चटके बसत असतील किंवा शुद्ध हरपत असेल, तर त्याच्या तोंडात रस, पाणी काहीही ओतू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

पायरी ९ : उरलेला रस ठेवायची वेळच येऊ देऊ नका

लिंबू, संत्र्याचा रस आंबट असतो, त्यात जंतू सहज वाढत नाहीत. टरबुजाचा रस जवळजवळ आंबट नसतोच, वर त्यात साखर आहे, म्हणजे जंतूंना सगळं अनुकूल. आपल्या उन्हाळ्यात तो बाहेर तासभराहून जास्त ठेवू नये. फ्रिजमध्ये झाकून ठेवला तर त्याच दिवशी संपवा, आणि मधे लाइन बराच वेळ गेली असेल तर फेकून द्या. वास बिघडायची वाट पाहू नका, कारण जंतू वाढले तरी रस पुष्कळदा चवीला ठीकच लागतो. बाटलीत भरून महिनाभर टिकवायचे घरगुती उपाय या रसाला लावू नयेत. स्टॉलवाल्यांनी फोडी झाकून बर्फावर ठेवाव्यात आणि गिऱ्हाईक आलं की तेवढाच रस काढावा.

सालीचं आणि बियांचं काय करायचं

हिरवी साल सोलून काढली की आतला पांढरा भाग दुधीसारखा शिजतो. त्याची तिखट-मीठ घालून भाजी करा, किसून थालीपिठात घाला. सिट्रुलिन त्यातही असतं. साखर मात्र फारच थोडी, त्यामुळे घरातल्या शुगरच्या पेशंटला रस मिळाला नाही तरी ही भाजी खाता येते.

आणि जे लोह लोक लाल रसात शोधतात, ते या फळात असलंच तर बियांत आहे. वाळवून सोललेल्या १०० ग्रॅम मगजात ७ मिलिग्रॅमच्या वर लोह, २८ ग्रॅम प्रथिनं आणि ५०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं. ते सगळंच अंगी लागत नाही, आणि दिवसाला खाऊन खाऊन चमचाभरच खाल्लं जातं, तरी उकिरड्यावर टाकण्यापेक्षा बरंच बरं. बिया चाळणीत चोळून धुवा, चिकटपणा पूर्ण जाऊ द्या, सुती कपड्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मग मंद आचेवर तव्यावर भाजा, तडतडायला लागल्या की उतरवा. सोलून मगज डब्यात भरा. चटणीत, लाडवात, नाहीतर नुसतंच मीठ लावून मुलांच्या हातावर ठेवा. तेलाचं प्रमाण जास्त असल्याने मगज खवट होतं, म्हणून एकदम किलोभर सोलून ठेवू नका. बिया सालीसकट साठवा आणि लागतील तशा सोला.